प्रस्तावना : वीस अंश उत्तरेचे आकाश

घरी दुर्बीण आली की आज ना उद्या हातात शार्ल मेसिए याची यादी येतेच. एम-१ पासून एम-११० पर्यंतची ही यादी जगभर इतकी रुळली आहे की ती मुख्यतः एका माणसाने, एका शहरातून, भलत्याच कामासाठी केली होती हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मेसिए धूमकेतू शोधत असे. १७५८ साली एका धूमकेतूच्या मागावर असताना त्याला वृषभ राशीत एक अंधूक ठिपका दिसला. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकतो, हा जागचा हलेना. अशा फसव्या ठिपक्यांवर पुन्हा वेळ जाऊ नये म्हणून त्याने त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. १७७४ साली ४५ वस्तूंची पहिली यादी छापली गेली, १७८१ पर्यंत ती १०३ वर गेली आणि बाकीची भर नंतरच्या अभ्यासकांनी घातली. आज हौशी निरीक्षक ज्या वस्तू शोधायला रात्र जागवतात, त्या मेसिएच्या लेखी टाळायच्या वस्तू होत्या.

मेसिएचे ते शहर म्हणजे पॅरिस, सुमारे ४९ अंश उत्तर अक्षांशावरचे. तिथून वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम-७ हा तारकागुच्छ क्षितिजाच्या जेमतेम सहा अंश वर येतो. मेसिएच्या यादीतली ही सर्वांत दक्षिणेकडची वस्तू. चंद्रपूर २० अंशांवर आहे, गडचिरोली त्याच्या किंचित वर आणि सिरोंचा १९ अंशांच्याही खाली. इथे एम-७ चांगला ३५ अंश वर चढतो आणि त्याच्या खाली मेसिएच्या नजरेस कधीच न पडलेल्या आकाशाचा मोठा पट्टा उरतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतल्या माणसाने पॅरिसची यादी जशीच्या तशी गिरवायची तर आपल्या अंगणातून दिसणारे निम्मे वैभव सोडून द्यायचे. तसे होऊ नये यासाठी हे पुस्तक आहे.

नव्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. चंद्र, ग्रह, धूमकेतू हे आपल्या सूर्यमालेतले. त्यापलीकडच्या सुट्या ताऱ्यांखेरीज जे काही दुर्बिणीत दिसते, त्याला हौशी मंडळी सरसकट 'डीप-स्काय' म्हणतात. त्यात विखुरलेले तारकागुच्छ येतात. एकाच ढगातून जन्मलेली ही भावंडे अजून फारशी पांगलेली नाहीत. कृत्तिका आणि पुष्य नक्षत्रातला एम-४४ हे त्यांपैकी दोन, नुसत्या डोळ्यांनीही दिसणारे. गोलाकार तारकागुच्छांत लाखो जुने तारे दाटीने असतात आणि ते आपल्या आकाशगंगेभोवती फिरतात. तेजोमेघ म्हणजे वायू आणि धूळ. मृगातला एम-४२ तारे जन्माला घालतो, तर स्वरमंडळातला कंकणाकृती एम-५७ हा मरणाऱ्या ताऱ्याने टाकलेला वायू आहे. मेसिएचा पहिला ठिपका, एम-१, हा १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या तारास्फोटाचा अवशेष. शेवटी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या इतर. देवयानीतली एम-३१ सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि अंधाऱ्या रात्री ती दुर्बिणीशिवाय दिसते.

हे सगळे कळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. विल्यम हर्शेलने बहीण कॅरोलाइनच्या मदतीने सुमारे अडीच हजार वस्तू नोंदवल्या. त्याचा मुलगा जॉन १८३४ मध्ये केप ऑफ गुड होपला पोहोचला आणि चार वर्षे दक्षिण आकाश चाळत बसला. १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस याला ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून एम-५१ ची सर्पिल रचना दिसली. १८६४ साली विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा वर्णपट घेतला तेव्हा तो ताऱ्यांचा पुंजका नसून तापलेला वायू असल्याचे उघड झाले. १८८८ साली ड्रायरने ७,८४० वस्तूंची 'न्यू जनरल कॅटलॉग' छापली. आपण आजही 'एनजीसी' म्हणून वापरतो ते त्यातलेच क्रमांक. एम-३१ आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे हे मात्र १९२३-२४ मध्ये एडविन हबलने तिथला एक रूपविकारी तारा मोजला तेव्हाच ठरले.

महाराष्ट्र या कथेत नुसता प्रेक्षक नव्हता. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगामवाला तिचे प्रमुख होते. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषेचा त्यांनी अभ्यास केला आणि १८९१ साली तो लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ही हिरवी रेषा कुठल्या मूलद्रव्याची यावर तेव्हा मोठा वाद चालू होता. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे हे कळायला १९२७ साल उजाडावे लागले. आज हौशी निरीक्षक आयपीसला 'ओ-थ्री' फिल्टर लावतात, तो हाच हिरवा प्रकाश तेवढा आत येऊ देतो. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची साधने कोडाईकनालला गेली. मराठी शाळकरी पुस्तकांत नायगामवालांना दोन ओळीही मिळू नयेत, हे मला खटकते.

हौशी चळवळ त्यानंतरची. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. १९८५-८६ च्या हॅलेच्या धूमकेतूने नवी लाट आणली. मुंबईचे खगोल मंडळ त्याच काळातले, आणि वांगणीला रात्रभर चालणाऱ्या त्यांच्या आकाशदर्शनांतून कित्येकांनी पहिली दीर्घिका पाहिली. नागपुरात रामन विज्ञान केंद्र आले. चंद्रपुरात प्रा. सुरेश चोपणे यांचा स्काय वॉच ग्रुप ग्रहणे, उल्कावर्षाव आणि आकाशातल्या नवलाईबद्दल लोकांशी बोलत राहिला. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भभर आकाशातून पेटते तुकडे जाताना दिसले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचे मोठे कडे येऊन पडले. चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे जाणकारांनी सांगितले. त्या आठवड्यात चंद्रपूर जिल्ह्याने जितके वर पाहिले तितके एरवी वर्षभरात पाहिले नसेल.

पण या भागातली आकाशाची ओळख संस्थांहून फार जुनी आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून लोकांचे आकाशज्ञान गोळा केले आणि २०१३ साली ते प्रसिद्ध केले. सप्तर्षींच्या चौकोनात खाट आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांत ती पळवणारे चोर, मृगाच्या पट्ट्यापाशी नांगर. हे ज्ञान पावसाच्या आणि पेरणीच्या हिशेबात मुरलेले आहे. ते रात्री उघड्यावर निजणाऱ्यांचे आकाश होते. दुर्बिणीचे आकाश त्याला खोटे पाडत नाही. त्याच नांगराजवळ आणखी खोल पाहायला ते शिकवते, एवढेच.

आता या पुस्तकाच्या गाभ्यातली गोष्ट, आणि ती जरा तांत्रिक आहे. दुर्बीण ताऱ्याचा प्रकाश गोळा करते, म्हणून मोठ्या आरशातून मंद तारेही दिसतात. पसरलेल्या वस्तूचे तसे नाही. दीर्घिकेचा किंवा तेजोमेघाचा पृष्ठभाग कोणत्याही दुर्बिणीतून नुसत्या डोळ्याला दिसतो त्याहून उजळ होत नाही, फक्त मोठा होतो. तो दिसेल की नाही हे त्याच्यामागचे आकाश किती काळे आहे यावर ठरते. म्हणून गोलाकार तारकागुच्छ शहरातही तग धरतात, दीर्घिका धरत नाहीत. नागपुरातल्या गच्चीवरच्या १२ इंची दुर्बिणीत न दिसणारी एम-८३ गडचिरोलीतल्या भामरागडला सहा इंचीत दिसू शकते. दुर्बिणीवर पैसे घालण्याआधी अंधारात जा, हा सल्ला यातूनच येतो, आणि चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो पाळणे अजून जमते. गडचिरोलीचा सुमारे सत्तर टक्के भूभाग जंगलाखाली आहे.

जंगल अंधार देते, पण क्षितिज हिरावून घेते. दक्षिणेकडच्या वस्तूंसाठी उघडे दक्षिण क्षितिज लागते. झाडीपट्टीत ते मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर मिळते, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत मिळते, वैनगंगा-प्राणहिता-इंद्रावतीच्या वाळूत मिळते. आणि इथेच ताडोबाचे नाव ऐकून येणारा निरीक्षक चकतो. ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराचा परिसर चंद्रपूरच्या उत्तरेला आहे. म्हणजे महाऔष्णिक वीजकेंद्र, शहर, खाणी आणि पलीकडचे बल्लारपूर यांचा सगळा उजेड नेमका दक्षिणेच्या क्षितिजावर चढतो. तिथून शर्मिष्ठा, देवयानी, सप्तर्षींच्या दीर्घिका उत्तम. नरतुरंग पाहायचे तर गडचिरोलीचा दक्षिण भाग गाठावा. भामरागडच्या दक्षिणेला इंद्रावतीपलीकडे बस्तरचे जंगल आहे. याहून अंधारी दक्षिण दिशा महाराष्ट्रात शोधून मिळणे कठीण.

त्या दिशेला काय आहे? आधी ओमेगा सेंटॉरी. नरतुरंगातला हा गोलाकार तारकागुच्छ आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर, अंदाजे एक कोटी ताऱ्यांचा. एडमंड हॅलेने १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून त्याची धूसर वस्तू म्हणून नोंद केली. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांच्या क्षितिजावर तो येतच नाही. इथे तो २२ अंशांवर येतो आणि मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो. डोळ्यांना धूसर तारा, द्विनेत्रीतून कापसाचा गोळा, आठ इंचीतून काठापासून आतपर्यंत फुटत जाणारे तारेच तारे. उत्तरेकडचे लोक ज्याचे गोडवे गातात तो शौरीतला एम-१३ त्याच रात्री पाहावा आणि दोघांची तुलना करावी. माझे मत विचाराल तर तुलनाच होत नाही. ओमेगाच्या साडेचार अंश वर एनजीसी ५१२८ ही दीर्घिका आहे, मधोमध धुळीचा काळा पट्टा असलेली. तो पट्टा आठ इंचीतून दिसला तर आकाश खरेच स्वच्छ आहे, असे खुशाल समजावे.

त्याहून खाली नौकेत ईटा कॅरिनाचा तेजोमेघ. चंद्रपूरहून तो जेमतेम दहा अंश वर येतो, सिरोंच्याहून एका अंशाने जास्त. एवढ्या खाली प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत साडेपाचपट जाड हवेतून यावे लागते, म्हणून तो एक अंशही हिशेबात घ्यावा. एप्रिलअखेरीस साडेआठच्या आसपास तो दक्षिणेला असतो. टुकान तारकासमूहातला प्रसिद्ध गोलाकार गुच्छ ४७ टुकानी मात्र विदर्भातून कुठूनही उगवत नाही. त्याच्यासाठी आणखी दक्षिणेला जावे लागेल.

दुर्दैव असे की दक्षिणेकडच्या या वस्तूंचा हंगाम आणि धुराचा हंगाम एकच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, वणवे लागतात. दक्षिण क्षितिज तपकिरी होऊन जाते. उपाय एकच. अवकाळी पावसाची सर येऊन गेली की त्या रात्री, दुसऱ्या दिवशीची वाट न पाहता, दुर्बीण बाहेर काढायची. सर हवा धुऊन काढते आणि उद्या पुन्हा धूर आहेच. पावसाळ्याचे चार महिने बहुतेक वाया जातात. दिवाळी ते होळी हा खरा सुगीचा काळ. त्यात डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी धुके उतरते आणि आरशांवर दव बसते, एवढे सांभाळावे.

रात्र निवडायला भिंतीवरचे पंचांग पुरते. कृष्ण अष्टमीपासून अमावस्येपर्यंत रात्रीचा पहिला प्रहर चंद्राविना मिळतो. महाशिवरात्र माघ कृष्ण चतुर्दशीला, म्हणजे चंद्र जवळजवळ पहाटेच उगवणार. गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला जागरण करणारी हजारो माणसे डीप-स्कायसाठी वर्षातल्या उत्तम रात्रींपैकी एक जागून काढतात आणि वर बघत नाहीत. जत्रेच्या दिव्यांपासून दोन-चार गावे लांब गेले तर संध्याकाळी मृगातला एम-४२ आणि व्याधाखालचा एम-४१, मध्यरात्रीच्या पुढेमागे नौका, पहाटे तीनच्या आसपास ओमेगा सेंटॉरी असा आपोआप क्रम लागतो. 'मेसिए मॅरेथॉन', म्हणजे एका रात्रीत सगळ्या ११० वस्तू गाठण्याचा खेळ, मार्च-एप्रिलच्या अमावस्येला खेळतात. त्याला २५ अंशांच्या आसपासचे अक्षांश सर्वांत सोयीचे, आणि आपण त्याच्या शेजारीच आहोत.

मॅरेथॉनवाल्यांचा हा एक पंथ झाला. त्यांना मोजणीत रस असतो. दुसरे फोटोवाले, जे तासन्तास प्रकाश साठवून लाल-निळे तेजोमेघ दाखवतात. हल्ली मोबाइलवर थेट चित्र देणाऱ्या छोट्या दुर्बिणीही निघाल्या आहेत. शाळेत मुलांना दाखवायला त्या चांगल्या, याबद्दल दुमत नाही. तिसरे कागद-पेन्सिलवाले. लाल दिव्याच्या उजेडात ते दिसेल तेवढेच काढतात. जॉन डॉबसनने स्वस्त लाकडी बैठकीची मोठी दुर्बीण सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली, तिचा खरा वारस मला हा तिसरा पंथ वाटतो. नव्या माणसाने निदान पहिले वर्ष चित्रे काढावीत असे मी सुचवीन. फोटोतले रंग डोक्यात घेऊन आलेला माणूस आयपीसला डोळा लावून राखाडी डाग पाहतो आणि हिरमुसतो. डोळ्याला मंद प्रकाशात रंग दिसत नाहीत. पण डाग पाहून पाच मिनिटांत तो कागदावर उतरवायला बसलात की त्याच्या कडा, गाभा, धुळीची रेघ एकेक करून दिसू लागतात. अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि थेट न बघता किंचित बाजूला बघायचे, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात.

या भागासाठी आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. रात्री जंगलात दुर्बीण घेऊन जायचे नाही. चंद्रपूरचे वाघ ही कल्पना नाही आणि गेल्या काही वर्षांत गडचिरोलीत हत्तीही आले आहेत. गावाच्या आत, शाळेच्या किंवा आश्रमशाळेच्या आवारात, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला सांगून बसावे. तारे दाखवायचा हिरवा लेझर भामरागड-एटापल्लीकडे बाहेरच काढू नये. शंका यायला त्याहून कमी गोष्टीही पुरतात.

आत्ताच हे पुस्तक का? जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला. दिवे खाली वळवणे, झाकणे, गरज नसताना बंद ठेवणे हे शासनाच्या आणि गावांच्या हातात आहे, हे तिथे दिसले. त्याच वेळी गडचिरोलीत उलट वारे आहे. सूरजागडच्या खाणी, कोनसरीचा पोलाद कारखाना, नवे रस्ते, गावागावात पांढरे एलईडी. रोजगार आणि वीज नको असे म्हणण्याचा अधिकार शहरातून अंधार शोधत येणाऱ्याला नाही, मलाही नाही. पण दिवा रस्त्यावर पडावा, आकाशात जाऊ नये, ही मागणी विकासाच्या विरोधात नाही. विजेचे बिलही त्याने कमीच होते. कोणत्या तलावावरून कोणती दीर्घिका कधी दिसत होती याची लेखी नोंदच नसेल, तर पुढे काय गेले हे सांगायला काही राहणार नाही.

म्हणून या पुस्तकातली निवड प्रसिद्धीवरून केलेली नाही. ५० मिलिमीटरची द्विनेत्री, सहा इंची आणि आठ इंची दुर्बीण यांतून या दोन जिल्ह्यांत जे नीट दिसते तेच घेतले आहे. काही नामांकित वस्तू त्यामुळे गळल्या. घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ इथे सापडणार नाही, कारण तो आठ इंचीत दिसला असे सांगणाऱ्या बहुतेकांना तो दिसलेला नसतो. उलट वृश्चिकाच्या शेपटीतला एनजीसी ६२३१, ज्येष्ठेशेजारचा एम-४, शिल्पकारातली एनजीसी २५३ यांना भरपूर जागा दिली आहे. नकाशे क्षितिज खाली ठेवून काढले आहेत. नक्षत्रांची मराठी नावे आणि एनजीसी क्रमांक शेजारी-शेजारी आहेत, म्हणजे आजी आणि नातू एकच पान वापरू शकतील. वस्तूंची मांडणी महिन्यांनुसार आहे. प्रत्येकीपुढे चंद्रपूर, गडचिरोली आणि सिरोंचा येथून ती जास्तीत जास्त किती अंश वर येते तो आकडा दिला आहे.

त्याच्या शेजारी एक रकाना कोरा ठेवला आहे. त्यात तारीख-तिथी, दुर्बीण, दक्षिणेकडे धूर होता की नाही, आणि कोणत्या दिशेला किती उजेड होता हे लिहावे. पुस्तक उजेडात जपून ठेवण्यासाठी नाही. पाने दवाने भिजतील हे धरूनच कागद जाड घेतला आहे.